बिऱ्हाड चढवून बघावं

आधी कोण कोण होतं ते सांगते, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की म्हातारी मनाचं रचून लिहिते. शारजातल्या त्या यार्डात आम्ही सहा जण होतो. माझा लेक दत्ता, त्याची बायको अश्विनी, त्यांची मोठी पोरगी सई, ती तेव्हा नऊ वर्षांची, धाकटा ओम, तो चार वर्षांचा, यार्डाचा मालक खानभाई, आणि मी. आणि त्याच्या आधी साठेक वर्षं, ओढ्यावर, आम्ही पाच जण होतो. माझी आई, माझे आबा, माझे चुलते तात्या, मी, आणि माझा भाऊ बिरू, दोन वर्षांचा. घोडी धरली तर सहा. ओढ्यावरच्यांतली आता मी एकटीच उरले, म्हणून लिहिते. शाळेत मी दोन पावसाळेच गेले, कारण पावसाळ्यातच आम्ही गावाला असायचो. बाकीचं अक्षर दत्ता पहिलीत असताना त्याच्याबरोबर बसून शिकले. चुकलंमाकलं तर तसंच वाचा.

शारजाच्याच अल नहदात आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. सकाळी लिफ्टची टिंग टिंग सुरू होते, मग अजान, मग खाली गाड्यांचे हॉर्न, आणि दिवसभर डोक्यावरनं विमानं. पहिल्या वर्षी मी प्रत्येक विमानाला वर बघायचे. आता बघत नाही. दत्ताचं ऑफिस तेव्हा दुबईला सिलिकॉन ओएसिसमध्ये होतं. सकाळी सहाला निघायचा आणि ट्रॅफिकमधनं सुटून संध्याकाळी सातला घरी यायचा. आम्ही म्हणायचो, काय हे जगणं. मग कंपनीनं त्याला फुजैराकडच्या डोंगरातल्या साइटवर टाकलं. तिथंच पत्र्याच्या पोर्टा केबिनमध्ये राहायचं, गुरुवारी रात्री घरी, रविवारी दुपारी परत. तेव्हा कळलं की सातला का होईना, यायचा ते बरं होतं. गुरुवारी दत्ता यायचा तेव्हा ओम झोपलेला असायचा. शुक्रवारी सकाळी उठून बापाला बघितलं की माझ्या पदराआड लपायचा. ओळख पटेपर्यंत शनिवार उजाडायचा. एका शुक्रवारी बाजरीची भाकरी थापत होते, दत्ता तिथंच खुर्चीवर जेवत बसला होता, आणि ओमनं मला विचारलं, "आजी, व्हेन इज ही गोइंग?" एवढं इंग्रजी मलाही कळतं. दत्तानं भाकरी तशीच ठेवली आणि बाल्कनीत जाऊन कुंड्या इकडच्या तिकडं करत बसला. चारच कुंड्या आहेत. लई वेळ करत बसला.

त्यानंतरच ते कॅराव्हानचं निघालं. गाडीला मागं जोडून ओढायची, चाकांवरची खोली. आत बिछाने, ओटा, मोरी सगळं. साइटच्या जवळ एका अरबाचा खजुराचा मळा होता, तो दत्ताला म्हणाला, माझ्या झाडांखाली लाव, लाइटपाणी देतो. ऑक्टोबर ते एप्रिल, ऊन उतरलेलं असतं तोवर, गुरुवारी शाळा सुटली की आम्ही सगळ्यांनी तिकडं जायचं आणि रविवारी संध्याकाळी परतायचं. म्हणजे दत्तानं घरी यायच्या ऐवजी घरच दत्ताकडं न्यायचं. अश्विनीनं शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, "हॉलिडेला घेताय का?" अश्विनी म्हणाली, "नाही हो, राहायला. अर्धं अर्धं." शेजारणीला नवल वाटलं. मला त्यात काही नवल वाटलं नाही. माझं सगळं लहानपण अर्धं अर्धंच गेलं.

आम्ही मेंढरं राखणारे. पावसाळा गावात, दिवाळी झाली की बकरी, आम्ही मेंढरांना बकरीच म्हणतो, घेऊन घाटाखाली, परत यायला जेठ उजाडायचा. आठ महिने घर म्हणजे घोडी. तिच्या पाठीवर आधी घोंगडी, मग बकऱ्या कोंडायच्या जाळ्यांची गुंडाळी, मग पाल, तवा, परात, दोन हंडे, पिठाची पिशवी, दोन्ही अंगांना पोत्यात कोकरं, नुसती तोंडं बाहेर, कोंबड्या पाय बांधून, आणि सगळ्याच्या वर लांबची वाट चालता न येणारं लेकरू, फडक्यानं घट्ट बांधलेलं. त्या सगळ्याला बिऱ्हाड म्हणायचं. ते रोज सकाळी बाईनं चढवायचं आणि रोज संध्याकाळी बाईनंच उतरवायचं. बापये बकऱ्यांमागं रानातनं यायचे. बाया घोडी घेऊन वाटेनं पुढं जायच्या, तळाची जागा बघायच्या, तीन दगड मांडून चूल पेटवायच्या. बापये येईस्तोवर हुलग्याचं माडगं शिजलेलं असायचं. मला अजून झोपेत कधी कधी कोकरांचं ओरडणं ऐकू येतं, आणि जागी झाले की ते एसीचं असतं.

तर कॅराव्हान. तीन बघितल्या. पहिली लई मोठी, आत सोफा, टीव्ही, काचेचं कपाट. दत्ता म्हणाला ही ओढायला ट्रक लागेल. दुसरी इतकी बारकी की वरचं कापडी छप्पर उचलल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं, आणि मोरी नव्हती. अश्विनी म्हणाली, "मोरी नाही तर मी नाही." तिसरी खानभाईच्या यार्डातली. शारजात गॅरेजांच्या वस्तीत त्याचं यार्ड आहे, चारी बाजूला पत्रे, आत मोडक्या बोटी आणि कॅराव्हान. खानभाई पेशावरकडचा, दाढीला मेंदी, मला पहिल्या दिवसापासून अम्माजी म्हणायचा. ही गाडी मापाची होती. मागच्या भिंतीला रुंद बिछाना दत्ता-अश्विनीला, मधल्या टेबलाचा बिछाना होतो तो मला, आणि पुढच्या अंगाला एकावर एक दोन फळ्या पोरांना. खालच्या फळीला निळा पडदा, त्यावर चांदण्या, आणि उशाशी हाताएवढी खिडकी. सई त्या पडद्याच्या आत गेली ती बाहेरच येईना. अश्विनी बोलावते तर आतनं आवाज, "आय लिव्ह हिअर नाऊ."

दत्तानं टायर बघितले, लाइट लावून बघितले, छप्पर ठोकून बघितलं. अश्विनी किंमत आधी दिरहममध्ये बोलली, मग रुपयात, आणि रुपयात बोलताना तिचा आवाज बारीक झाला. तरी दोघांच्या मनात भरली होती. दत्ता खिशात हात घालणार तेवढ्यात मी म्हणलं, "बिऱ्हाड चढवून बघितल्याशिवाय न्हाई घ्यायची."

"आई, ही घोडी नाहीये."

"दिसतंय मला. चाकं हायेत."

"मग?"

"मग काय? भांडीकुंडी, अंथरुणं, पोरं, सगळं आणून आत भर. एक दिवस आत रांधू, खाऊ, आडवं होऊ. मग बोल."

"लोक हसतील गं. त्याच्या यार्डात आपण भाकरी भाजत बसायचं?"

खानभाईला मराठी येत नाही, पण त्याला सूर कळला. म्हणाला, "अम्माजी क्या बोल रही हैं?" दत्तानं लाजत लाजत हिंदीत सांगितलं. खानभाई पोट धरून हसला आणि म्हणाला, "बिलकुल सही बोल रही हैं. हमारे गाँव में भी ऊँट ऐसे ही लेते हैं, लाद के. शुक्रवार को आ जाओ, नमाज़ के बाद. यल्ला, खाना मेरे को भी खिलाना." दत्ताचा चेहरा बघण्यासारखा झाला.

हा नियम माझ्या आईचा. जनावर घ्यायचं तर सगळं बिऱ्हाड त्याच्या पाठीवर चढवायचं, तसं भरलेलं पाण्यातनं पलीकडं न्यायचं आणि परत आणायचं. मगच बोलायचं. बाजारातले लोक तिला हसायचे. विकणारे वैतागायचे. तिनं कुणासाठी तो नियम मोडला नाही. तिचा तो नियम कुठनं आला ते पुढं सांगते.

शुक्रवारी आम्ही दोन गाड्या भरून सामान नेलं. गाद्या, उशा, कुकर, परात, तवा, पाण्याचे कॅन, पोरांची दप्तरं, ओमची तीनचाकी सायकलसुद्धा. दत्ता प्रत्येक डाग उचलताना पुटपुटत होता, "खलास, पुढच्या वेळी फ्रिज पण आणू." सगळं आत लावलं तेव्हा कळलं की परात ओट्याखाली जात नाही आणि गाद्या ठेवल्या की मोरीचं दार अर्धंच उघडतं. अश्विनी म्हणाली, "बरं झालं बाई, घरी नेऊन कळलं असतं तर." तेव्हापासून ती माझ्या बाजूची झाली. खानभाईनं पुढच्या खोक्यातली गॅसची टाकी चालू करून दिली. एसी लावला, खिडक्या लावून घेतल्या, आणि मी शेगडीवर भाकऱ्या टाकल्या. सोबत वांग्याचं भरीत अश्विनीनं घरनं आणलं होतं, आणि लसणाचा ठेचा. खानभाई खाली मोडक्या बोटीच्या सावलीत बसून तीन भाकऱ्या जेवला आणि ठेच्यानं नाक पुसत म्हणाला, "अम्माजी, ये तो बारूद है."

जेवणं झाली. दत्ता खाली खानभाईशी कागदांचं बोलायला लागला. अश्विनी आत भांडी विसळत होती. ओमला झोप आली होती, म्हणून तिनं त्याला खालच्या फळीवर, सईच्या पडद्याआड, निजवलं. तशी सई धावत आत आली.

"नॉट देअर! मम्मा, त्याला वर झोपव ना."

"वरनं पडेल तो. खालीच राहू दे."

"पण तो माझा बेड आहे!"

"सई, किती सेल्फिश गं तू. घर अजून आपलं झालं नाही तर माझं-तुझं सुरू."

सईनं तोंड पाडलं. ती भावाशी कधी भांडत नाही, पुस्तकसुद्धा मागितलं की देते, म्हणून मी तिच्याकडं नीट बघितलं. तिच्या एका पायात मोजा होता आणि एका पायात नव्हता. सकाळी मीच तिच्या पायांत दोन घातले होते. तिनं पडदा थोडा सरकवून ती हाताएवढी खिडकी उघडली, आणि मी बघते हे कळल्यावर पटकन म्हणाली, "ओमला हॉट होतंय." एसी तर गारेगार चालला होता.

मला वासाचं कळत नाही. चुलीच्या धुरात जन्म गेला, आणि मागं तो मोठा आजार सगळ्या जगाला झाला तेव्हा उरलासुरला वासही गेला. दूध उतू गेलं तरी मला डोळ्यानंच कळतं. पण त्या पोरीचं तोंड मला कळलं. तसं तोंड मी घेऊन फिरले आहे. मी तिला म्हणलं, "बाय, ये, खाली पायरीवर बसू." ती आली, पण दारातच अडून बसली, एक डोळा आत ओमवर.

तिला मी जे चार वाक्यांत सांगितलं ते इथं जरा सावकाशीनं लिहिते. कारण ते मी त्या दिवसाआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

आमची म्हातारी घोडी वाटेत मेली होती आणि आबांनी बाजारातनं नवी आणली. भुरी, चार पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. विकणारा म्हणाला होता, रात्रभर ठेवा, पटली तर सकाळी बोला. आधीची घोडी चावायची. ही माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहायची. मी दहाएक वर्षांची असेन. आई म्हणाली, "बिऱ्हाड चढवून बघू का एकदा?" तेव्हा तो काही नियम नव्हता, सहज म्हणाली. आबा म्हणाले, "लोकाची घोडी, उगं कशाला? उजाडता निघायचं हाय." आणि मला म्हणाले, "जा, पाणी दाखवून आण तिला." तळ्यावर नेली. घोडी पाण्यात गुडघाभर गेली, पाणी प्याली, मग पुढच्या पायानं दोनदा पाणी उडवलं आणि बसली. नुसती बसली नाही, कुशीवर लोळली. मला हसू आलं. मग भ्यायलेही, कारण पाण्यात बसायची खोड वाईट असते हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आबांना कळलं असतं तर त्यांनी त्याच रात्री तिला परत केली असती. मी तिला ओढून बाहेर काढली, माझ्या परकरानं तिच्या पोटाचा चिखल पुसला, कूस पुसली, गवतानं घासली. अंधार पडायच्या आत ती कोरडी दिसत होती. आबांनी विचारलं, "पाणी प्याली का गं?" मी म्हणलं, "प्याली."

चौथ्या दिवशी घाट उतरून ओढा लागला. पाणी मोठ्या माणसाच्या कमरेएवढं. आबा आणि तात्या बकऱ्या घेऊन वरच्या अंगाला, उथळातनं उतरवत होते. आई कासरा धरून पुढं, मध्ये भुरी, मागं मी. बिरू वर बांधलेला, हातात भाकरीचा तुकडा. पाण्याच्या मध्यावर भुरीनं पुढच्या पायानं दोनदा पाणी उडवलं. आईला कळलं नाही. मला कळलं. मी तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. ती बसली आणि कुशीवर झाली. भिजलेल्या फडक्याची गाठ सुटत नाही. आई दातांनी सोडवत होती. आबा पळत येऊन विळ्यानं फडकं कापेपर्यंत वेळ गेला होता. कोकरांतली दोन जगली. बिरूला तिथंच वरच्या अंगाला पुरलं, वर दगड ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तळ हलवला. बकऱ्यांना चारा लागतो, त्यांना सुतक कळत नाही.

आबा भुरीला विकायला निघाले होते. आई म्हणाली, "दुसऱ्याच्या लेकराखाली बसंल ती. ऱ्हाऊ दे हितंच." ती आमच्याकडंच मेली, पुष्कळ वर्षांनी. तिच्यावर फक्त जाळ्या आणि लोकर लादायचो. आणि त्या दिवसापासून आईचा तो नियम झाला. ती शेवटपर्यंत म्हणायची, मी बिऱ्हाड चढवून बघितलं असतं तर. दुखण्यात पडली तेव्हाही म्हणायची. मी तिचे पाय दाबत बसायचे. चढवायची गरजच नव्हती आई, मला ठाऊक होतं, एवढं मी तिला म्हणू शकले नाही. ती गेली.

सईला एवढं लांबण लावलं नाही. घोडी मला आवडली होती, तिची खोड मला दिसली होती, मी चिखल पुसला, भाऊ गेला, एवढंच सांगितलं. मग तिच्या उघड्या पायाला हात लावून विचारलं, "मोजा कुठं हाय?"

सईनं पाय आखडून घेतला. "आजी, डोन्ट टेल बाबा. ते मग घेणारच नाहीत."

"मी न्हाई सांगणार. तू सांगायचंस."

आतनं अश्विनीचा आवाज आला, "आई, खानभाईंना चहा ठेवते हं." तशी सई उठली आणि तिच्या अंगात होता नव्हता तेवढ्या जोरानं ओरडली, "मम्मा, नो! डोन्ट लाइट इट! देअर इज गॅस! माझ्या बेडखाली!"

मी दत्ताला म्हणलं, "आधी ओमला बाहेर काढ." तो दोन ढांगांत आत गेला आणि पोराला गादीसकट उचलून आणला. अश्विनी हातातला लायटर तसाच घेऊन उतरली, तिला तो खाली ठेवायचंही सुधरेना. खानभाईनं आधी टाकीचा कॉक बंद केला, मग आतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. ओम जागा झाला, एवढी माणसं भोवती बघून रडायला लागला, आणि दत्ताच्या गळ्याला मिठी मारून बसला. माझ्याकडं आला नाही. तेवढ्या गोंधळातही ते मी बघितलं.

वास गेल्यावर खानभाईनं खालची फळी उचलली. खाली नळी होती, टाकीकडनं शेगडीकडं जाणारी, आणि तिच्या जोडापाशी सईचा पांढरा मोजा कोंबलेला. पडद्याआड असताना तिला वास आला होता आणि तिनं फळी उचलून तो कोंबला होता; बाकीच्यांचं नाक भाकरीच्या धुरात आणि ठेच्यात गेलं होतं. मोजा काढून त्यानं जोडाला साबणाचं पाणी लावलं, दत्तानं कॉक जरासा उघडला, तर बुडबुडे आले, मोठे मोठे. खानभाई तिथंच खाली बसला. म्हणाला, "अम्माजी, गैस ऊपर नहीं जाता, नीचे बैठता है. बच्चा नीचे ही सो रहा था." मग कानाला हात लावून म्हणाला, "मैंने टायर देखा, बिजली देखा, ये नहीं देखा. मेरी गलती."

दत्ता सईकडं वळला. त्याचा आवाज चढायला लागला होता. "तुला कळलं होतं तर इतका वेळ..." मी मध्ये पडले. "दत्ता. मी विचारलं, तिनं सांगितलं. आता तिला एक शब्द बोलायचा न्हाई." तो मागं सरला. जेवायच्या आधी त्यानंच तिला विचारलं होतं, कसं वाटलं गं घर, आणि ती म्हणाली होती, इट्स परफेक्ट, बाबा. ते त्यालाही आठवलं असावं.

गाडीत बसून घरी निघालो. मध्येच सई म्हणाली, "बाबा, आजी हॅड अ ब्रदर. त्याचं नाव बिरू होतं." दत्तानं आरशातनं माझ्याकडं बघितलं. त्याला मामा होता हे त्याला पन्नाशीला आल्यावर कळलं, तेही शारजाच्या सिग्नलवर. म्हणाला, "आई, तू कधी बोलली नाहीस." मी म्हणलं, "न्हाई बोलले." सिग्नल सुटला.

तुम्ही म्हणाल, मग ती गाडी सोडली असेल. नाही सोडली, तीच घेतली. अश्विनी आधी नको म्हणत होती, दत्ताही. मी म्हणलं, घोडीची खोड जात नाही, गाडीची जाते. खानभाईनं टाकी, नळी, शेगडी सगळंच काढून टाकलं आणि ते भोक पत्र्यानं बंद केलं. आता आत आग नाहीच. चूल बाहेर, खजुराखाली, जिथं चूल असते तिथं. आणि पुढच्या शुक्रवारी परत सगळं बिऱ्हाड चढवलं. या खेपेला दत्तानंच, न सांगता. ओळखीच्याचा पिकअप आणून यार्डाभोवती चार फेऱ्या मारल्या. मी म्हणलं, "आता पाणी." तिथं ओढा कुठला. मग खानभाईनं मोठा पाइप आणला आणि अर्धा तास छतावर, खिडक्यांवर पाणी मारलं, आणि आम्ही पाचही जण आत बसून कुठं गळतं का बघत होतो. ओम टाळ्या वाजवत होता. एका कोपऱ्यात गळत होतं. ते सईला दिसलं, आणि तिनं लगेच सांगितलं.

आता तिसरा हिवाळा चालू आहे. हे मी मळ्यातच लिहिते आहे. खजुरांवर चिमण्या लई दंगा करतात. बाहेर तीन दगड नाहीत, एका नळकांड्याची शेगडी आहे, पण पीठ तेच आणि तवा तोच. खालची फळी सईनं ओमला दिली आणि ती वर गेली. चांदण्यांचा पडदाही दिला. संध्याकाळी दत्ताची गाडी वळली की ओम पळत जाऊन फाटक उघडतो, आणि बापाच्या पायावर उभा राहून दारापर्यंत येतो. दत्ता दमलेला असतो, तरी तसाच चालतो.

त्या ओढ्याकडं मी परत कधी गेले नाही. तिथं आता पूल झाला असं ऐकते.

आमचे आबा वाईट नव्हते. त्यांनी मला विचारलं होतं, पाणी प्याली का, आणि मी खरं तेच सांगितलं होतं. तेव्हा हे जो कुणी वाचील त्याला माझं एवढंच सांगणं आहे. गाडी घ्या, घर घ्या, जनावर घ्या, सगळं बघून झालं की पैसे द्यायच्या आधी घरातल्या बारक्या पोराला बाजूला घ्या. आवडलं का असं विचारू नका, ते आवडलेलंच असतं. तुला काय दिसलं, असं विचारा. आणि ते जे सांगेल त्यावर त्या दिवशी तरी त्याला रागावू नका.